सकाळचं दूध आदल्या दिवशी: डॅशबोर्डवरचा दिवस साडेपाचला का बदलतो?

करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेला मी संकलनाचा डॅशबोर्ड लावून दिला होता. खाली पोस्टग्रेस (नोंदी साठवणारा डेटाबेस), वर मेटाबेस (त्यातून चार्ट काढणारं साधन). रोज किती लिटर, त्यात म्हैस किती, गाय किती, फॅट काय लागली आणि दहा दिवसांच्या बिलाला कोणाचं किती दूध जमा, एवढंच बघायचं होतं. काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी सेक्रेटरींचा फोन आला.

"दादा, एक उत्पादक पावत्या घेऊन पुढ्यात बसलाय. तीन तारखेला सकाळी दूध घातलंय म्हणतोय, आणि पावती हाय त्याच्याकडं. तुमच्या चार्टवर तीन तारखेला त्याची सकाळच दिसंना. आणि दोन तारखेला सकाळ दोनदा दिसतीया."

पावतीवर वेळ होती पहाटे ५:२०. दोन तारखेच्या पावतीवर ५:४०, चार तारखेच्या पावतीवरही ५:४०. या तीन आकड्यांत सगळं उत्तर होतं, पण ते वाचायला मला पुढचे दोन महिने लागले, कारण ही चूक मी तीनदा दुरुस्त केली आणि ती तीनदा परत आली. कोल्हापूर भागात बरेच जण आता दूध संस्था, गुळाचे अडते, फौंड्री यांच्यासाठी असे छोटे डॅशबोर्ड बनवतात. त्यांच्यापैकी कोणाला हाच फोन आला तर हा सगळा फेरा वाचावा, म्हणून सविस्तर लिहितोय.

(आदेश आणि सेटिंगची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच मूळ लिपीत लिहायची.)

मूळ कारण

सर्व्हर भाड्याने घेतला, अगदी मुंबईतल्या डेटा सेंटरमधला घेतला, तरी त्याचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर असतं. डॉकरच्या कंटेनरचंही (सर्व्हरवर एखादा प्रोग्राम वेगळा चालवायचा बंद डबा) तसंच. आपली प्रमाण वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची, अंशाला ४ मिनिटं, म्हणून यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. सर्व्हरला मध्यरात्र झाली की आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. पहाटे ५:२० ला घातलेलं दूध त्याच्या लेखी आदल्या दिवशी रात्री ११:५० ला आलेलं असतं.

शहरातल्या दुकानाच्या डॅशबोर्डवर ही चूक कधी दिसणारच नाही. पहाटे साडेपाचच्या आत कपड्याच्या दुकानात कोण बिल फाडतंय? दूध संस्थेत मात्र त्याच वेळेला रांग लागलेली असते. आपल्या भागातल्या धंद्यांची वेळच अशी आहे की दिवसाची ही सीमारेषा नेमकी कामाच्या मधोमध पडते.

एवढे दिवस कळलं का नाही?

हा प्रश्न मला फार छळत होता, कारण रोजची लिटरची बेरीज वहीशी जवळजवळ जुळत होती. समजा रोज साडेपाचच्या आत २०० लिटर येतं. चार्टमधला प्रत्येक दिवस आपलं पहाटेचं २०० लिटर आदल्या दिवसाला देतो आणि पुढच्या दिवसाचं २०० लिटर स्वतःकडे घेतो. बार जवळपास तेवढाच राहतो. दहा दिवसांची बेरीज केली तर मधले सगळे दिवस एकमेकांत मिटून जातात. पहिल्या तारखेची पहाट बाहेर राहते, अकराव्या तारखेची पहाट आत येते, बस्स. हजारो लिटरच्या बेरजेत पाच-दहा लिटरचा फरक कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

एकेकट्या उत्पादकाच्या खात्यात मात्र तो लपत नाही. जो रोज ६ वाजता येतो त्याचं सगळं बरोबर. जो रोज ५ वाजता येतो त्याची प्रत्येक सकाळ एक दिवस मागे, पण रोजच मागे, म्हणून त्यालाही पटकन कळत नाही. जो कधी ५:२० ला आणि कधी ५:४० ला येतो त्याच्याच खात्यात एका तारखेला दोन सकाळी आणि एका तारखेला शून्य. म्हणून तपासायचं असेल तर एकूण बेरीज तपासू नका. एका माणसाची, एका तारखेची, एका वेळेची नोंद एकापेक्षा जास्त वेळा आली आहे का ते शोधा. ही एक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) बाकी सगळ्या तपासण्यांपेक्षा लवकर बोलते.

माझे तीन फसलेले उपाय

पहिल्यांदा मी त्या एका चार्टच्या क्वेरीत वेळेत ५ तास ३० मिनिटं मिळवली. उत्पादकाची तीन तारीख जागेवर आली, सेक्रेटरी खूश. आठवड्याने म्हैस-गायीच्या चार्टवर तीच तक्रार. तो चार्ट वेगळा, त्याची क्वेरी वेगळी.

दुसऱ्यांदा मेटाबेसच्या अ‍ॅडमिन सेटिंगमध्ये जाऊन ‘रिपोर्ट टाइमझोन’ आशिया/कोलकाता केला. बाकीचे चार्ट सरळ झाले, पण ज्यात मी आधीच हाताने साडेपाच तास मिळवले होते ते आता साडेपाच तास पुढे गेले. शिवाय फॅटच्या नोंदींचा एक चार्ट जागचा हललाच नाही. कारण ते टेबल जुन्या सॉफ्टवेअरमधून आणलं होतं आणि त्यातला वेळेचा कॉलम ‘टाइमस्टँप विदाउट टाइम झोन’ प्रकारचा होता. मेटाबेसचा रिपोर्ट टाइमझोन ज्या कॉलमला टाइमझोनची जाण आहे त्यालाच लागू होतो. नुसत्या वेळेला तो हात लावत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण ती वेळ कुठली हे त्याला कळायला मार्ग नाही.

तिसऱ्यांदा डेटाबेसच्या पातळीवर टाइमझोन बदलून ठेवला. काही दिवसांनी सर्व्हर बदलला, बॅकअप परत चढवला, आणि सगळं पुन्हा मागे. त्याचं कारण पुढे येतं.

आधी घड्याळ कुठे अडकलंय ते ओळखा

ज्या चार्टमध्ये चूक आहे त्याच साधनात, त्याच कॉलमवर एक नवा चार्ट काढा: दिवसातल्या प्रत्येक तासाला किती नोंदी. तारीख घेऊ नका, फक्त तास. दूध संस्थेचा हा चार्ट दोन वशिंडांच्या उंटाच्या पाठीसारखा दिसतो, दोन उंचवटे, मध्ये सपाट. खरं चित्र सकाळी ५ ते ८ आणि संध्याकाळी ५ ते ८ असं असतं. तुमचे उंचवटे कुठे आहेत त्यावरून दुखणं कळतं.

उंचवटे रात्री ११:३० ते २:३० आणि सकाळी ११:३० ते दुपारी २:३० असे आले, तर रूपांतर झालेलंच नाही, तुम्ही कच्चा यूटीसी बघताय.

सकाळी १०:३० ते दुपारी १:३० आणि रात्री १०:३० ते १:३० आले, तर दोनदा रूपांतर झालंय. माझ्या दुसऱ्या उपायानंतर हेच दिसलं. यात संध्याकाळच्या दुधातला जो भाग मध्यरात्रीनंतर दिसतो तो पुढच्या तारखेला सरकतो, म्हणजे चूक उलट्या दिशेने.

मध्यरात्रीनंतर १:३० ते ४:३० आणि दुपारी १:३० ते ४:३० आले, तर कोणीतरी टाइमझोनच्या जागी नुसतं ‘आयएसटी’ लिहिलंय. पोस्टग्रेसबरोबर येणाऱ्या लघुरूपांच्या मूळ यादीत आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ आहे, यूटीसीच्या २ तास पुढे. भारताची यादी वेगळी आहे आणि ती मुद्दाम निवडावी लागते. या चुकीत तारखा बरोबर येतात, फक्त तास चुकतात, म्हणून ती आणखी खोल लपते.

आणि सर्वांत फसवा प्रकार: सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९. बघताना वाटतं, तासाभराचा फरक आहे, उशिरा येत असतील लोक. पण तुम्ही जिला सकाळ समजताय ती संध्याकाळ आहे! पोस्टग्रेसला टाइमझोन म्हणून ‘यूटीसी+५:३०’ असं लिहिलं की हे होतं. त्या जुन्या लेखनपद्धतीत अधिक चिन्हाचा अर्थ ग्रिनिचच्या पश्चिमेला असा आहे. म्हणजे तुम्ही भारत मागता आणि डेटाबेस तुम्हाला साडेपाच तास मागची वेळ देतो, एकूण ११ तासांची चूक. सकाळचं दूध आदल्या संध्याकाळी आणि संध्याकाळचं त्याच दिवशी सकाळी. गाय-म्हशीचं सकाळ-संध्याकाळचं प्रमाण उलटं दिसलं तर हे आधी तपासा. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये मात्र ‘+०५:३०’ म्हणजे साडेपाच तास पुढेच. त्यामुळे एकीकडची सवय दुसरीकडे नेऊ नका.

या सगळ्यावर उतारा एकच: नाव पूर्ण लिहा, आशिया/कोलकाता. जुन्या प्रणालीत आशिया/कॅलकटा दिसेल, तेही त्याच वेळेचं नाव आहे.

माझ्या लॅपटॉपवर बरोबर, सर्व्हरवर चूक

यात माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. डीबीव्हर (डेटाबेसला थेट क्वेरी विचारायचं साधन) उघडून मी क्वेरी चालवायचो, उत्तर अचूक यायचं. तीच क्वेरी मेटाबेसमध्ये टाकली की चूक. एकच डेटाबेस, एकच क्वेरी, अक्षराचाही फरक नाही.

फरक जोडणीत होता. पोस्टग्रेसच्या ‘टाइमस्टँप विथ टाइम झोन’ कॉलममध्ये प्रत्यक्षात टाइमझोन साठवलेला नसतो. आत यूटीसीमधला एक क्षण असतो आणि दाखवताना, दिवसात मोडताना त्या जोडणीचा टाइमझोन वापरला जातो. डीबीव्हर आणि मेटाबेस दोन्ही ‘जावा’ या प्रोग्रामिंग भाषेवर चालतात. जावाचा पोस्टग्रेस ड्रायव्हर (साधन आणि डेटाबेस यांना जोडणारा दुवा) जोडणी उघडतानाच आपल्या यंत्राचा टाइमझोन डेटाबेसला कळवतो. माझा लॅपटॉप राजारामपुरीत, कोलकात्याच्या वेळेवर. मेटाबेसचा कंटेनर यूटीसीवर. दोघांनी एकच प्रश्न विचारला, पण ‘दिवस’ म्हणजे काय हे प्रत्येकाने आपापलं सांगितलं.

तपासायला सोपं आहे. ज्या साधनात चूक दिसते त्याच्याच क्वेरी खिडकीत ‘शो टाइमझोन’ चालवा. दुसऱ्या साधनात चालवून उपयोग नाही, ते दुसऱ्याच जोडणीचं उत्तर असेल. मेटाबेसच्या कंटेनरला ‘जावा टाइमझोन’ हा पर्यावरण चल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना बाहेरून दिलेलं सेटिंग) देता येतो. तो रिपोर्ट टाइमझोनशी जुळता ठेवा.

माझा तिसरा उपाय इथेच फसला. डेटाबेसला किंवा युजरला ‘ऑल्टर रोल … सेट टाइमझोन’ असं सांगून ठेवता येतं, पण जोडणी उघडतानाच ज्याने स्वतःचा टाइमझोन सांगितला त्याचं पारडं जड. जावाची साधनं हे सांगतातच. सुपरसेटसारखं पायथॉनवरचं साधन सहसा सांगत नाही, म्हणून तिथे हा उपाय चालतो. आणि सर्व्हर बदलल्यावर सेटिंग गायब का झालं? एका डेटाबेसचा ‘पीजी डंप’ने घेतलेला बॅकअप युजरची सेटिंग बरोबर नेत नाही. डेटाबेसला लावलेलं सेटिंगही ‘क्रिएट’ पर्यायाने डंप घेतला तरच बरोबर येतं. डेटा जसाच्या तसा आला, त्याचा अर्थ लावणारी ओळ जुन्या सर्व्हरवर राहिली.

टिकलेला उपाय

आता मी दिवस ठरवण्याचं काम कुठल्याच चार्टवर, कुठल्याच साधनावर सोडत नाही. डेटाबेसमध्येच एक व्ह्यू (टेबलासारखी दिसणारी, साठवून ठेवलेली क्वेरी) आहे, त्यात ‘संकलन दिनांक’ आणि ‘वेळ: सकाळ/संध्याकाळ’ असे दोन तयार कॉलम आहेत. चार्ट बनवणाऱ्याला मूळ टेबल दिसतच नाही, परवानगीच दिलेली नाही. हा भाग महत्त्वाचा. टेबल उघडं ठेवलं की घाईत कोणीतरी थेट त्यावर चार्ट काढतं, आणि मग पुन्हा तोच फोन.

दिनांक काढताना वेळेच्या कॉलमला ‘अ‍ॅट टाइम झोन’ आशिया/कोलकाता लावायचा आणि मग त्याची तारीख घ्यायची. इथे एक खड्डा आहे. हाच ‘अ‍ॅट टाइम झोन’ दोन प्रकारच्या कॉलमवर दोन उलट कामं करतो. टाइमझोनवाल्या कॉलमवर तो त्या ठिकाणची घड्याळातली वेळ देतो. टाइमझोन नसलेल्या कॉलमवर तो ‘ही वेळ त्या ठिकाणची समज’ असं म्हणून उलटं रूपांतर करतो. म्हणून यूटीसीमध्ये भरलेल्या साध्या कॉलमवर तो दोनदा लावावा लागतो, आधी यूटीसीचा, मग कोलकात्याचा. आधी कॉलमचा प्रकार बघा, मग लिहा.

त्यापेक्षा कॉलमचा प्रकारच बदलणं चांगलं, पण बदलताना ‘युझिंग’ लिहून ती वेळ यूटीसी आहे की भारतीय हे स्पष्ट सांगा. न सांगितल्यास पोस्टग्रेस त्या क्षणीच्या जोडणीचा टाइमझोन गृहीत धरतो आणि सगळ्या जुन्या नोंदी मुकाट्याने सरकतात. आधी बॅकअप घ्या. टेबलाला कुलूप लागतं, म्हणून हे काम भर दुपारी करा, संकलनाच्या वेळेला नको.

माझ्या फॅटच्या टेबलात आणखी गुंता निघाला. काउंटरवरच्या कॉम्प्युटरने भारतीय वेळ लिहिली होती आणि नंतर जोडलेल्या मोबाइल अ‍ॅपने यूटीसी, एकाच कॉलममध्ये. तासांच्या चार्टवर दोनऐवजी चार उंचवटे दिसले तर असंच समजा. नोंद कुठून आली हे सांगणारा कॉलम असेल तर दोन तुकड्यांत दुरुस्ती करता येते. माझ्याकडे सुदैवाने मशीनचा क्रमांक होता. तो नसता तर पावत्या घेऊन बसावं लागलं असतं.

व्ह्यू हळू चालला तर त्याच सूत्रावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) करा. पूर्ण नावाने टाइमझोन दिलेलं सूत्र पोस्टग्रेस इंडेक्ससाठी स्वीकारतो. टाइमझोन न देता थेट तारखेत बदललंत तर नाकारतो, कारण जोडणीनुसार बदलणारं उत्तर इंडेक्समध्ये ठेवता येत नाही. हा नकार मला आधी कटकट वाटला होता. आता वाटतं, डेटाबेस तेव्हाच खरं कारण सांगत होता.

इतर साधनांबद्दल थोडं

ग्राफाना या चार्टच्या साधनात डॅशबोर्डचा टाइमझोन ब्राउझरप्रमाणे असतो, त्यामुळे वेळा बरोबर दिसतात. पण ‘टाइम ग्रुप’ मॅक्रोला (क्वेरीत वापरायचं तयार सूत्र) एक दिवस सांगितला की तो सेकंदांची भागाकाराने वाटणी करतो, आणि ती वाटणी यूटीसीच्या मध्यरात्रीपासून असते. बारची सुरुवात ५:३० ला दिसली की हेच. मॅक्रो काढून ‘डेट ट्रंक’ वापरा. पोस्टग्रेस १२ पासून त्याला टाइमझोन तिसरा घटक म्हणून देता येतो.

मायएसक्यूएलमध्ये ‘टाइमस्टँप’ कॉलमचं रूपांतर होतं, ‘डेटटाइम’चं होत नाही. ‘कन्व्हर्ट टीझेड’ला आशिया/कोलकाता देऊन उत्तर रिकामं आलं तर टाइमझोनची टेबलं भरलेली नाहीत. ती भरा, किंवा ‘+०५:३०’ द्या. भारतात उन्हाळी वेळेची भानगड नाही, त्यामुळे आपल्याला ते चालून जातं.

घड्याळाचा दिवस आणि कामाचा दिवस

शिरोलीतल्या एका फौंड्रीच्या डॅशबोर्डवर मी हाच व्ह्यू तसाच नेला आणि तिथे तो चुकला. रात्रपाळी ११ ला सुरू होऊन सकाळी ७ ला सुटते. त्यांच्या रजिस्टरमध्ये रात्री २ वाजता ओतलेला साचा आदल्या तारखेचा असतो, कारण पाळी आदल्या तारखेची. टाइमझोन अचूक असूनही चार्ट आणि रजिस्टर जुळेनात. तिथे भारतीय वेळ काढल्यावर त्यातून ७ तास वजा करून मग तारीख घ्यावी लागली. सुपरवायझरांना आधी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. ते सहज म्हणाले, "आमचा दिवस सातला उजाडतो."

दूध संस्थेतही शेवटी आम्ही तेच केलं. नोंद करतानाच सॉफ्टवेअर संकलनाची तारीख आणि सकाळ-संध्याकाळ वेगळ्या कॉलममध्ये लिहितं, नेमका क्षण शेजारी राहतो. पावतीवर जे छापतं तेच चार्टवर येतं. व्ह्यू जुन्या नोंदींसाठी ठेवलाय.

डॅशबोर्डवर सगळ्यात वर आता एक छोटा आकडा आहे: एकाच उत्पादकाच्या, एकाच जातीच्या दुधाच्या, एकाच तारखेच्या, एकाच वेळेच्या दुबार नोंदी. म्हैस आणि गाय दोन्ही घालणाऱ्याच्या दोन नोंदी खऱ्या असतात, म्हणून जात धरूनच मोजायचं. सेक्रेटरी बिल काढायच्या आधी तो बघतात. शून्य असेल तर पुढे जातात, नसेल तर मला फोन करतात. सर्व्हर बदलला, साधन अपडेट केलं किंवा बॅकअप परत चढवला, की मीही आधी तोच आकडा बघतो आणि त्याच्याशेजारचे ते दोन उंचवटे.